छप्पर, वाडी आणि वर्गणीची वही

श्रोतेहो, वादळात एखाद्या कुटुंबाचे घर पडले अशी वार्ता कानी आली म्हणजे आपला हात सहजच खिशाकडे जातो. ही चांगुलपणाची खूण आहे यात शंका नाही. परंतु खिशातून निघालेला तो पैसा त्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर होऊन कसा बसतो, वाटेत तो कोठे अडतो, कोठे वाया जातो आणि प्रसंगी ज्याला द्यावयाचा त्यालाच कसा दुखावतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. मीही केला नव्हता. बेळगावातील एका शाळेत वीस वर्षे मुलांना भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारखीला चक्रीवादळाची आकृती फळ्यावर काढता येत होती. वादळानंतरचे घर कसे उभे करतात, हे मात्र एका जुन्या विद्यार्थिनीमुळे शिकावे लागले. त्या शिकण्याची हकीकत आज सांगणार आहे.

ही मुलगी आमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली आणि पुढे लग्न होऊन रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील एका गावी गेली. घरात नवरा, दोन मुले आणि वृद्ध सासरे. बारा गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीतच कौलारू घर. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. त्या सुपारीवर या घराची चूल चालत असे.

३ जून २०२० रोजी, बुधवारी दुपारी, ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने, जमिनीवर आले. नाव बांगलादेशाने सुचवलेले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिक महासागरात ‘हरिकेन’ आणि चीन-जपानकडील समुद्रात ‘टायफून’ म्हणतात; प्रकृती एकच, नावे निराळी. अमेरिकेच्या बाजूला वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरला पोहोचला की त्या वादळास हरिकेन ही पदवी मिळते. म्हणजे आमच्या मुलीच्या अंगणात आलेला पाहुणा त्या पदवीच्या उंबरठ्यावरचा होता. कोकणच्या उत्तर भागाला अशा पाहुण्याची सवय नाही. बंगाल-ओडिशाच्या लोकांना जशी वादळाची शिस्त ठाऊक असते, तशी येथे असावयाचे कारणच नव्हते.

वाऱ्याने छप्पर उडते म्हणजे काय होते, हे येथे थोडके सांगते, कारण पुढे पैशाचा विनियोग ठरवताना तेच उपयोगी पडले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय उतरत्या पाख्यावरून वेगाने जाणारा वारा छपराला खाली दाबण्याऐवजी पुष्कळदा वर ओढतो. त्यातच वाऱ्याकडील दार किंवा खिडकी फुटली की घरात शिरलेली हवा आतून वर रेटते. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, या दोहोंपुढे नुसत्या वजनावर बसलेली कौले टिकत नाहीत. आधी वळचणीची आणि आढ्याजवळची जातात, मग रिपा मोकळ्या होतात, आणि वासे भिंतीशी जखडलेले नसतील तर तेही उठतात. या घराचे असेच झाले. पश्चिमेकडचे सारे पाखे गेले, पडवीची भिंत ढासळली, आणि दीडशेच्या वर पोफळींतून उभ्या राहिल्या त्या जेमतेम चाळीस.

आम्हांला हे कळले आठव्या दिवशी. विजेचे खांब आडवे, फोनचे मनोरे बंद. टेकडीवर चढून, कोठेतरी रेंज मिळवून, तिने फोन केला. म्हणाली, “बाई, आम्ही सगळी धड आहोत. काळजी करू नका.” पैशाचा शब्द नाही. मी विचारले, “घर?” तेव्हा थोडी थांबली आणि म्हणाली, “घरातून आभाळ दिसतं.” मोसमी पाऊस तर दारात येऊन उभा होता.

तो काळ आठवावा. कोरोनाची साथ, शाळा बंद, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यास परवाना. कित्येकांचे पगार अर्धे झालेले. पंधरा दिवसांपूर्वीच, २० मे रोजी, बंगालला अंफान वादळाने झोडपले होते आणि ज्यांना द्यावयाचे त्यांनी तिकडे दिलेही होते. अशा वेळी एका अनोळखी कुटुंबासाठी कोणाकडे हात पसरावा? मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, सहशिक्षकांना आणि गोवे, बडोदे, इंदूर येथील परिचितांना फोनवरून निरोप धाडला. आणि येथेच पहिली चूक केली. निरोपात मी लिहिले, “जे शक्य असेल ते द्या.”

‘जे शक्य असेल ते’ या शब्दांचा अर्थ चार दिवसांत माझ्या पडवीत येऊन पडला. जुन्या साड्या, सुटाबुटाचे कोट, मुलांचे उंचीला न पुरणारे गणवेश, एक पंखा, दोन गाद्या. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण ओल्या गादीचे ते कुटुंब काय करणार होते? ज्या घराला छप्पर नाही त्या घरात कोरडे कपडे ठेवण्यासही जागा नसते. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने महाडपर्यंत नेण्याचे मान्य केले, परंतु भाड्याचा आकडा ऐकल्यावर तेवढ्यात आठ-नऊ पत्रे आले असते हे ध्यानात आले. कपडे मी आमच्याच गावातील गरजूंना वाटले. ज्यांनी ते दिले होते त्यांतील काहीजण रुसले. एक बाई अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. दूरच्या आपत्तीस वस्तू पाठवू नये, पैसे पाठवावेत, हे मदतकार्य करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. त्याचे कारण मला टेम्पोच्या भाड्यावरून कळले. पैसा तेथील बाजारात खर्च झाला म्हणजे तेथील दुकानदार, सुतार आणि गवंडी यांचेही उठणे त्यात असते. वादळ त्यांच्याही घरावरून गेलेले असते.

दुसरी चूक याहून वाईट. दुसऱ्या निरोपाबरोबर मी त्या घराचे छायाचित्र लोकांना धाडले. तिनेच मला पाठवले होते, माझ्या माहितीसाठी. त्यात उघड्या माजघरात बसलेले तिचे सासरे दिसत होते. पैसे भराभर येऊ लागले, आणि मी उत्साहाने देणाऱ्यांची नावे व आकडे रोज संध्याकाळी सर्वांना कळवू लागले. तिसऱ्या रात्री तिचा फोन आला. आवाज दबका. “बाई, तो फोटो फिरत फिरत इथल्या कोणाच्या तरी फोनवर आला. मामंजी दुपारपासून जेवले नाहीत.”

श्रोतेहो, मी भूगोलाची शिक्षिका. गृहस्थाचे घर उघडे पडले म्हणजे त्याची अब्रूही उघडी पडत नाही, एवढे मला कळावयास हवे होते. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या लग्नाकार्यात सुपाऱ्यांची पोती उचलून दिली, त्याला आपले नाव वर्गणीच्या यादीखाली, भिक्षेकऱ्यासारखे, वाचावे लागले. मी छायाचित्र मागे घेतले, क्षमा मागितली, परंतु त्यांनी निरोप धाडला की आलेले पैसे ज्याचे त्याला परत करावेत.

तीन दिवस तसेच गेले. पाऊस सुरू झाला होता. घरावर मिळाले तेवढे प्लास्टिक ताणून मंडळी पूर्वेकडच्या एका खोलीत राहत होती. तोडगा निघाला तो माझ्या वृद्ध आईच्या बोलण्यातून. ती म्हणाली, “तू वर्गणी वर्गणी काय म्हणतेस? ती आपल्या गावची लेक ना? मग हे तिचं माहेर. माहेरचं घ्यायला कोण लाजतं?” मी सासऱ्यांना फोन केला आणि हेच सांगितले. हे दान नव्हे. मुलगी बेळगावची, तिच्या माहेराने तिच्या घरावर छप्पर घालावयाचे ठरवले आहे. बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग ते म्हणाले, “छपरापुरतं माहेरचं म्हणून घेईन. वाडीसाठी काही द्याल तर ते हातउसने. लिहून ठेवा.” मी ‘लिहून ठेवते’ म्हटले, आणि त्या दिवशी एक शंभर पानी वही घेतली.

त्या वहीची पद्धत मी आमच्या पॅरिशमध्ये लहानपणी पाहिलेल्या एका रीतीवरून बसवली. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने आपल्या विद्यार्थिमित्रांसह गरिबांच्या साह्यासाठी एक संघ काढला. सेंट विन्सेंट डी पॉल संघ या नावाने तो आज पुष्कळ देशांत आहे. त्याच्या दोन गोष्टी मला नेहमी आवडत आल्या. मदत पाठवून द्यावयाची नाही, तर त्या कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन, बसून, बोलून द्यावयाची. आणि सभासदांच्या बैठकीत एक बंद पिशवी फिरते. जो तो त्यात मूठ घालतो, कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मी ठरवले की आपली वही तशीच. एकूण किती आले आणि कशावर गेले याचा हिशेब दर महिन्यास सर्वांना पाठवावयाचा, अगदी खिळ्यांच्या पुड्यापर्यंत. पण नावे कोणाचीच नाहीत, घेणाऱ्याचेही नाही आणि देणाऱ्याचेही नाही. प्रत्येक देणगीदारास फक्त त्याचा अनुक्रमांक ठाऊक. त्यामुळे दहा रुपये देणारी आमच्या शाळेची स्वयंपाकीण आणि पाच हजार देणारा डॉक्टर एकाच रांगेत बसले. एका व्यापाऱ्याने घराच्या दर्शनी भागावर आपल्या दुकानाचा फलक लावण्याच्या अटीवर पंचवीस हजार देऊ केले होते. ते सोडावे लागले. त्या आकड्याने मला दोन रात्री झोप येऊ दिली नाही, हेही कबूल करते.

लहान रकमा गोळा करण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. फरक एवढाच की कारखान्यासाठी मागताना मागणाऱ्याची मान ताठ असते. एका कुटुंबासाठी मागताना ती ताठ ठेवण्याची व्यवस्था आपल्याला करावी लागते.

आता खर्चाकडे वळू. मी प्रथम कागदावर एक अंदाज केला होता: भांडी, धान्य, मुलांची पुस्तके, छप्पर. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “बाई, धान्य रेशनवर मिळतंय, भांडी आहेत. आधी वासे, मग पत्रे, मग मोटार.” मोटार म्हणजे विहिरीवरचा पंप. ज्या क्रमाने घर उभे राहावयाचे तो क्रम त्या घरातल्या बाईला ठाऊक असतो; आपण दुरून केलेली यादी बहुधा आपल्याच घराची यादी असते. सासऱ्यांची इच्छा पुन्हा कौलेच घालावीत अशी होती. कौलांखाली घर थंड राहते. परंतु त्या भागात एकाच वेळी हजारो घरांना छप्पर हवे होते आणि कौले कोठे मिळेनात. पत्र्यांचा भावही चढला होता. शेवटी पत्रे ठरले.

येथे मघाचे पदार्थविज्ञान कामास आले. आलेल्या पहिल्या ९६,४५० रुपयांतून सर्वच पत्र्यांवर घालण्याचा मोह होत होता. पण नुसता पत्रा म्हणजे पुढच्या वादळाला आयते पाते. गावच्या सुताराशी फोनवर बोलून आम्ही काही पैसे वेगळे काढले, ते वासे भिंतीवरच्या पाटाशी लोखंडी पट्ट्यांनी जखडण्यासाठी आणि पत्र्यांना वळचणीकडे व आढ्याकडे दुपटीने हूक मारण्यासाठी. वारा तेथेच पहिला हात घालतो. या पट्ट्या आणि हूक छायाचित्रात दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी वर्गणी मागितली असती तर कोणी दिली असती की नाही, कोण जाणे. सासऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यात पत्र्यांवर झावळ्यांचे झाप अंथरले. उष्मा कमी झाला आणि त्यांची कौलांची हळहळही.

सरकारी मदतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वर्गणी देणारे पुष्कळजण विचारीत, ‘सरकार देत नाही का?’ सरकार देते. आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या पक्क्या घराला ९५,१०० रुपये मिळत. महाराष्ट्र शासनाने निसर्ग वादळग्रस्तांसाठी ती रक्कम दीड लाखापर्यंत वाढवली. फळबागांचे हेक्टरी १८,००० रुपये होते, ते ५०,००० केले. आकडा ऐकावयास बरा वाटतो. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्यास पाचशे रुपये. बारा गुंठ्यांच्या वाडीला सहा हजार. आडवी झालेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक झाली. कोकणातील वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि झाडे एकेक करून मोजतात, हे कागदावरच्या हेक्टराला कसे कळावे? झाडागणिक भरपाईची मागणी तेव्हा झाली ती यामुळेच.

घराचा प्रश्न आणखी निराळा. चार भिंतींपैकी तीन उभ्या, म्हणून पंचनाम्यात नुकसान ‘अंशतः’ लागले. आणि घर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षे झालेली, वारस पाच, त्यांतले दोन मुंबईस आणि एक कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. पैसे कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे यात महिने गेले. कोकणातील सामाईक घरांची ही जुनी कथा आहे आणि ती केवळ कोकणाचीही नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ नावाच्या हरिकेनने अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटाची वाताहत केली. तेथेही पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणाऱ्या हजारो कुटुंबांचे मदतीचे अर्ज नामंजूर झाले, कारण घर आपले असल्याचा कागद त्यांना दाखवता आला नाही. घर आजोबांनी बांधले, बापाने वाढवले, कागद कोणी केलाच नाही. छपरांवर निळ्या ताडपत्र्या ताणून माणसे वर्ष उलटून गेले तरी तशीच राहिली. पुढे २०२१ साली अमेरिकेच्या आपत्ती-यंत्रणेने नियम सैल केला, आणि अन्य कागद नसल्यास स्वतःच्या लेखी निवेदनावरही मालकी मानण्याची सोय केली. इतक्या श्रीमंत देशाला हे उमगण्यास चार वर्षे लागली. मी हे वाचले तेव्हा आमच्या मुलीच्या सासऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे तिकडेही तलाठी आहेच.”

सरकारी मदत नियमाने चालते आणि नियमाला घर दिसते, घरातील गुंता दिसत नाही. वर्गणीची जागा तेथे आहे. जो हक्काचा पैसा कागदावाचून अडला असेल, त्याच्याऐवजी वर्गणी उभी करणे म्हणजे सरकारचे काम फुकट करून देणे होय. म्हणून आम्ही वर्गणीतून एक खर्च असा केला की जो देणाऱ्यांपैकी काहींना विचित्र वाटला: मुंबईतील दोन वारसांची संमतीपत्रे, मुद्रांक, तालुक्याच्या फेऱ्या आणि एका वकिलाची फी. सुमारे चार हजार रुपये. एका गृहस्थाने मला कळवले की आपण छपरासाठी पैसे दिले, वकिलासाठी नव्हे. मी त्यांचे पैसे परत केले. संमतीपत्रे झाल्यावर जी सरकारी रक्कम मोकळी झाली, तीतून पडवीची भिंत उभी राहिली.

छप्पर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडले, म्हणजे बसले. (आमच्याकडे छप्पर ‘पडले’ म्हणण्याचा धसका तेव्हापासून बसला आहे.) आता काम संपले असे सर्वांना वाटले, मलाही. वृत्तपत्रांतून वादळ केव्हाच नाहीसे झाले होते. पण घर म्हणजे काही नुसते छप्पर नव्हे. त्या छपराखाली जे खाल्ले जाते ते वाडीतून येते, आणि वाडी जमीनदोस्त होती. भाताचे पीक गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास पाच-सात वर्षे जातात; आपल्याकडच्या उंच जातीच्या माडालाही तेवढीच. शिवाय पोफळीचे कोवळे रोप पश्चिमेचे ऊन सोसत नाही. पूर्वी माडांची सावली असे, ती गेली. म्हणून आधी केळी लावावयाची, केळींच्या सावलीत पोफळी. पोफळींवर चढवलेले मिरवेल तर झाडांबरोबरच गेले होते. म्हणजे खरी तूट जून २०२० ची नव्हती. ती पुढच्या सहा-सात वर्षांत दरवर्षी येणार होती, आणि तेव्हा कोणाच्याही फोनवर त्या घराचे छायाचित्र असणार नव्हते.

म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही दुसरी वर्गणी काढली, पण निराळ्या तऱ्हेची. एकदम काही नको. अठरा महिने, दरमहा शंभर रुपये. अडतीस जणांनी कबूल केले. हिशेबाने ६८,४०० व्हावयास हवे होते, आले ५१,७००. काही सुटले, कोणाची नोकरी गेली, दोघे त्या साथीत वारले. त्यांतल्या एकाच्या पत्नीने मात्र उरलेले हप्ते भरले, मी नको म्हणत असताना. मासिक हप्त्याचा आणखी एक गुण असा की दर महिन्यास फोन करावा लागतो, विचारपूस होते. पंप दुरुस्त झाला का? रोपे जगली का? मुलाची परीक्षा कशी झाली? एकरकमी पैसा पाठवणारा माणूस बहुधा दुसरा फोन करीत नाही.

या दुसऱ्या वर्गणीतून ३४,५०० रुपये वाडीवर गेले आणि ते सासऱ्यांच्या शब्दाप्रमाणे हातउसने म्हणून वहीत वेगळ्या पानावर लिहिले. व्याज नाही, मुदत नाही. तेथे सही त्यांची आहे. फोनवर व्हावयाची नव्हती म्हणून मी २०२१ च्या जानेवारीत जाऊन घेतली. तेव्हा ते घर मी प्रथम पाहिले. मी आणलेला हिशेब त्यांनी चष्मा लावून ओळीओळीने वाचला आणि एका बेरजेतील चाळीस रुपयांची चूक काढली.

ज्यांना असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवते. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या कुटुंबाला देणे निराळे आणि चौकात पेटी ठेवून सार्वजनिक वर्गणी जमवणे निराळे. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकाराला धर्मादाय आयुक्तांची अनुमती लागते. इतर राज्यांत तेथील नियम विचारून घ्यावेत. आणि नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात जी सवलत मिळते, ती एखाद्या कुटुंबाला थेट दिलेल्या पैशावर मिळत नाही. उलट, नातलग नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर रक्कम आली तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. उत्पन्न कमी असलेल्या घराला कर बहुधा पडत नाही, पण कागद जपून ठेवावे लागतात. शक्य तेथे पत्रेवाल्याचे बिल आम्हीच परस्पर दुकानात भरले, त्यामुळे पावत्याही आपोआप जमल्या.

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ गोवे आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. दुसऱ्या दिवशी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. मी सकाळपासून श्रीवर्धनला फोन लावीत होते. संध्याकाळी लागला. छप्पर जागेवर होते. वळचणीचा एक पत्रा वाकला होता, एवढेच. सासरे म्हणाले, “आमचं सोडा. देवगडकडे काय झालं ते बघा.” देवगडच्या बाजूला एका घराचे छप्पर गेले होते, आमच्याच एका देणगीदाराच्या नात्यातले. वहीत शिल्लक होती, ती तिकडे गेली. त्या वेळी कोणी छायाचित्र मागितले नाही.

हातउसन्याची परतफेड २०२३ च्या दिवाळीनंतर सुरू झाली. उभ्या राहिलेल्या चाळीस पोफळींची आणि केळींची मिळकत. कधी पाचशे, कधी तीनशे, एकदा हजार. मी पहिल्यांदा नको म्हणाले, तेव्हा त्यांनी सुनेकडे फोन दिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता घेते. आलेली रक्कम वहीच्या त्याच पानावर चढते आणि तशीच पुढच्या घराला जाते. मागील महिन्यापर्यंत १४,२०० आले. पैसे पाठवले की त्यांचा फोन येतो, आणि तब्येत, पाऊस, बाजार यांतले काही विचारण्यापूर्वी ते विचारतात, पावती टाकली का?